अंगठा सोडून

नागमणी गुंडेटी दुकानात आल्या तेव्हा दुपारचे तीन.
ऊन असं की नव्या पेठेतलं कुत्रंसुद्धा
माझ्या पायरीवर गोणपाटासारखं पडलेलं.
त्यांनी परवाना काचेवर ठेवला,
घडी उलगडली, हातानं सपाट केली,
म्हणाल्या, "छोटं दाखवा. पर्शीत मावंल असं."

छोटंच मागतात सगळे.
मी सगळ्यात छोटं काढलं,
मॅगझिन बाहेर, नळी रिकामी,
तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे.
"ही स्लाइड. मागं ओढा."

त्यांनी चिमूट लावली, अंगठा आणि पहिलं बोट.
स्लाइड तसूभर हलली
आणि जागेवर जाऊन बसली.
पुन्हा. ओठ दाबून. पुन्हा.
"जमंना बगा."
अंगठ्याच्या बुडाशी सुपारीएवढी गाठ.

आठव्या वर्षापासून विड्या, म्हणाल्या,
आईशेजारी, मांडीवर सूप,
पान कापायचं, तंबाखू भरायची,
तोंड मुडपायचं नखानं,
दिवसाला हजार, लग्नापर्यंत.
मग टॉवेलचे माग, आधी दोन,
आता बावीस, अक्कलकोट रोडला.
नवरा गेल्यापासून शनिवारचा पगार
बँकेतून त्या स्वतः आणतात.
दिवाळीआधी मोटारसायकलवर दोन पोरं मागं लागलेली
थेट शांती चौकापर्यंत.
ती काही बोलली नाहीत.
"बोलली असती तर बरं झालं असतं."

मी सांगितलं, ताई,
पिस्तूल जितकं लहान तितकी आतली स्प्रिंग ताठ.
अंगात वजन नाही,
मग सगळा धक्का स्प्रिंगनंच खायचा.
"आमच्या सासूबाई," त्या म्हणाल्या.

रिव्हॉल्व्हर दिलं. त्याला ओढायचं काही नाही,
पण ट्रिगर लांब आणि जड.
त्यांनी दोन बोटं लावली,
नळी बादलीवरून थरथरत चढली
कॅलेंडरातल्या गणपतीपर्यंत.
"अय्यो, देवावर नको,"
आणि स्वतःच खाली ठेवलं.

मग मधलं. हातभर नाही, पण पर्शीतलंही नाही.
"ओढू नका," म्हटलं. "चिमूट विसरा.
अंगठा सोडून चार बोटं वरून घाला, पंजाच ठेवा.
छातीजवळ आणा, तोंड बादलीकडंच.
डाव्या हातानं नुसतं धरून ठेवायचं
आणि उजव्या हातानं मूठ पुढं ढकलायची,
बंद माग चालू करताना हँडल ढकलता तशी."

खट्.

पंख्याच्या आवाजात तो केवढासा.
त्यांनी माझ्याकडं नाही, हाताकडं बघितलं.
खट्.
दहातनं सात वेळा जमलं. मी मोजत होतो,
त्याही मोजत असाव्यात.

"आणि अंधारात?" त्या म्हणाल्या.
"समोर कुणीतरी उभं असताना?"

याचं उत्तर मी सव्वीस वर्षं देतोय,
सराव करा, महिन्यातनं दोनदा रेंजवर या, हात शिकतो.
त्या दिवशी मी फडकं घेतलं
आणि स्वच्छच असलेली काच पुसायला लागलो.

"ही पर्शीत मावत नाही."
"नाही."
"मग पिशवीच शिवते. चादरीचे तुकडे लई पडलेत."

रजिस्टरात सही केली, सावकाश, मराठीत.
मग शाईची डबी.
"ठसा उठायचा नाही," हसत म्हणाल्या,
"कचेरीतल्या यंत्रानं तीनदा नाही म्हटलं.
मीच नागमणी हे पटवायला दोन महिने गेले."

रात्री शटर अर्धं ओढून
मी अंगठा तळहातात मिटला
आणि ते छोटं पिस्तूल उरलेल्या बोटांनी ओढून बघितलं.
दोनदा निसटलं.
तिसऱ्यांदा बघितलं नाही.

रजिस्टर उघडंच होतं.
निळा, गोल, वाळलेला ठसा,
आत एकही रेघ नाही.
तेंदूच्या पानाला तरी असतात.